राहायचा कागद, विकायचा कागद

चंद्रपूर-गडचिरोलीकडून परदेशात शिकायला निघालेली मुलं मला अधूनमधून फोन करतात. कुणाच्या तरी ओळखीतून नंबर मिळालेला असतो. युनिव्हर्सिटी कोणती, लोन कुठल्या बँकेचं, थंडीचे कपडे इथून न्यायचे की तिकडे घ्यायचे, हे सगळं विचारून झालं की जरा थांबून शेवटचा प्रश्न येतो : "दादा, तिकडं शिकता शिकता छोटामोठा धंदा टाकता येते का?"

प्रश्नामागचं गणित मला पाठ आहे. ३५-४० लाखांचं कर्ज. घराचा किंवा प्लॉटचा कागद बँकेत. रुपयात घेतलेलं कर्ज डॉलरमध्ये खर्च होतं आणि खर्च होताना फार पटकन होतं. मग कुणाला डबे करून विकायचे असतात, कुणाला टी-शर्ट छापायचे असतात, कुणाच्या आईच्या हातचं लोणचं तिकडे हमखास खपणार असतं, आणि दहातल्या सहांना ॲप काढायचं असतं. नागपूरचे एजंट सांगतात, "सगळं होतं, आधी जा तर खरं."

छोटं उत्तर असं की बहुतेक देशांत होत नाही, आणि जिथे होतं तिथेही ठरलेल्या वेळात आणि ठरलेल्या पद्धतीनंच होतं. मोठं उत्तर द्यायला मात्र मला माझ्या गावापासून तीन किलोमीटरवरच्या एका गावाची गोष्ट सांगावी लागते. टेक्ससमध्ये माझ्यासमोर हा प्रश्न आला तेव्हा मला तो समजला, तो त्या गावामुळे.

*

माझं गाव धानोरा. गडचिरोलीहून तीसेक किलोमीटर, पुढे रस्ता छत्तीसगडकडे जातो. बाबांचं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान होतं, अजूनही आहे. अशा दुकानात वाढलेल्या पोराला कागदांची नावं फार लवकर कळतात. सातबारा, जातीचा दाखला, वनहक्काचा दावा, अपील. आजूबाजूच्या गावांतली माणसं हातात घडी घातलेला कागद घेऊन यायची आणि विचारायची, "भाऊ, यात काय लिवलं हाय?" बाबा चष्मा वर करून कागद वाचायचे आणि नेहमी दोनच गोष्टी बघायचे. "कागद कोनाच्या नावानं हाय, अन् कायच्यासाठी हाय?" बाकीचा मजकूर त्यांच्या मते शोभेचा.

जवळचं ते गाव म्हणजे मेंढा, लेखा-मेंढा म्हणून सगळ्यांना माहीत असलेलं. छोटं गोंड गाव. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा इथलीच. देवाजी तोफा तिथले, आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी गावकऱ्यांसोबत चालवलेले अभ्यासगटही तिथलेच. गावातले निर्णय ग्रामसभेत, बहुमताने नाही तर सर्वसहमतीने होतात. हे सगळं पुस्तकांत आणि माहितीपटांत येऊन गेलंय. मला इथे सांगायचंय ते फक्त बांबूबद्दल.

२००६ साली वनहक्क कायदा झाला. त्यानुसार २००९ मध्ये मेंढ्याच्या ग्रामसभेला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देशात असा हक्क सर्वांत आधी मिळालेल्या गावांपैकी हे एक. कागद ग्रामसभेच्या नावाने होता. कशासाठी होता तेही कायद्यात लिहिलेलं होतं : गौण वनोपज गोळा करणं, वापरणं आणि त्याची विल्हेवाट लावणं, म्हणजे विकणंसुद्धा. आणि गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबू स्पष्ट शब्दांत होता.

तरीही बांबू विकता येईना. कारण जंगलातला माल रस्त्यावर आणायचा तर वाहतूक परवाना लागतो. आमच्याकडे सगळे त्याला टीपी म्हणतात. टीपी नसेल तर ट्रक नाक्यावर अडतो आणि माल जप्त होतो. टीपी द्यायचं वनविभागानं, आणि वनविभागाचा आधार होता १९२७ चा भारतीय वन कायदा. त्या कायद्यात २०१७ पर्यंत झाडाच्या व्याख्येत बांबूही होता. वनस्पतिशास्त्र बांबूला गवत म्हणतं, १९२७ चा कायदा तेव्हा झाड म्हणायचा, २००६ चा कायदा गौण वनोपज म्हणतो. बांबू तोच, पण कुठल्या कायद्याच्या कुठल्या ओळीत तो मोजला जातो यावर गावाच्या हातात पैसे येणार की नाही हे ठरत होतं. त्याच वेळी आमच्या भागातला बांबू वर्षानुवर्षं करारानं बल्लारपूरच्या पेपर मिलला जात होता. बांबूचा कागद होत होता; ज्यांच्या जंगलात तो उगवतो त्यांच्याकडे मात्र तो विकायचा कागद नव्हता.

हा तिढा सुटला २७ एप्रिल २०११ ला. तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. परवाना देण्याचा अधिकारच गावाकडे आला. २०१२ मध्ये वनहक्क कायद्याच्या नियमांत दुरुस्ती होऊन तशी तरतूद सगळ्या देशासाठी झाली.

मी तेव्हा बारा-तेरा वर्षांचा होतो. धानोऱ्यात बंदोबस्त होता आणि उन्हाळ्याची सुट्टी होती, एवढंच मला त्यातलं मोठं वाटत होतं. बाबा संध्याकाळी दुकानाचं शटर ओढता ओढता म्हणाले, "जंगल तर दोन वर्सांपयलेच भेटलं होतं. आज बजार भेटला." राहण्याचा हक्क आणि विकण्याचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी असतात, एक मिळाला म्हणून दुसरा आपोआप मिळत नाही, हे त्या वाक्यात होतं. मला ते कळायला अकरा वर्षं आणि चौदा हजार किलोमीटर लागले.

*

२०२१ च्या ऑगस्टमध्ये मी डॅलसजवळच्या एका युनिव्हर्सिटीत कॉम्प्युटर सायन्सच्या मास्टर्ससाठी गेलो. व्हिसा एफ-वन, बहुतेकांचा असतो तोच. आमच्या जिल्ह्यातून अमेरिकेला शिकायला जाणं फारसं नेहमीचं नाही. कुरखेडा तालुक्यातल्या चिरचाडीचे डॉ. भास्कर हलामी आश्रमशाळेतून शिकून, मिशिगनमधून पीएचडी करून तिकडे औषध संशोधक झाले, ही बातमी २०२२ साली आली तेव्हा बाबांनी ती कापून दुकानात चिकटवली. म्हणजे आमच्यासमोर जे उदाहरण होतं ते शिक्षण आणि मग नोकरी असं होतं. धंद्याचं उदाहरण नव्हतं.

धंदा माझ्याकडे चालत आला. आमच्या अपार्टमेंटजवळ एका गुजराती अंकलचं किराणा दुकान होतं. मागच्या बाजूला छोटं स्वयंपाकघर, तिथून विद्यार्थ्यांना आणि नोकरदारांना डबे जायचे. ऑर्डरी सगळ्या व्हॉट्सॲपवर. गुरुवार-शुक्रवारी दोन-अडीचशे मेसेज यायचे : कुणी इंग्रजीत, कुणी रोमन लिपीतल्या तेलुगूत, कुणी नुसता व्हॉइस मेसेज. "वही कल वाला, बस रोटी कम." अंकल आणि त्यांची सून रात्री अकरापर्यंत ते वहीत उतरवत बसायचे आणि तरी रोज दोन-तीन डबे चुकायचे.

एका विषयाच्या प्रोजेक्टसाठी मी असे मिश्र भाषेतले मेसेज वाचून त्यांची यादी करणारा प्रोग्रॅम लिहिला होता. अंकलच्या परवानगीने त्यांचेच जुने मेसेज नावं-नंबर काढून वापरले होते. प्रोजेक्टला चांगले मार्क मिळाले. ती यादी अंकलनी पाहिली आणि सरळ म्हणाले, "बेटा, ये मेरे को हर हफ्ते चाहिए. महिने का दो सौ डॉलर देता हूँ. मेरे भाई की भी दुकान है, उसको भी लगा दे."

महिन्याला २०० डॉलर म्हणजे तेव्हाचे सोळा हजार रुपये. दोन दुकानं म्हणजे बत्तीस. धानोऱ्यात बत्तीस हजार महिना ही चांगली कमाई आहे. त्या रात्री मी डोक्यात डॅलसमधली सगळी भारतीय दुकानं मोजून झोपलो. सकाळी उठल्यावर मात्र बाबांचे दोन प्रश्न आठवले. कागद माझ्या नावाने होता. पण कशासाठी?

म्हणून अंकलना हो म्हणण्याआधी मी युनिव्हर्सिटीच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात वेळ घेतली.

*

एफ-वन व्हिसा ज्या अमेरिकन कायद्यातून येतो तो १९५२ चा. त्यातली विद्यार्थ्याची व्याख्या एका लांबलचक वाक्यात आहे. त्यातले तीन तुकडे महत्त्वाचे : तुमचं घर परदेशात असलं पाहिजे आणि ते सोडून देण्याचा तुमचा इरादा नसला पाहिजे, तुम्ही तात्पुरते येत असला पाहिजे, आणि केवळ शिक्षणासाठी येत असला पाहिजे. तो 'केवळ' हा शब्द म्हणजे सगळा व्हिसा. बाकी जे नियम आहेत ते त्या 'केवळ'ला पाडलेली छोटी छोटी दारं आहेत. सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तास काम, हे एक दार. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून इंटर्नशिप, हे दुसरं. पदवीनंतर १२ महिने आपल्या विषयात काम, हे तिसरं. भिंतीत दार नसेल तिथून जायचं नाही.

कार्यालयातल्या बाईंनी मला तासभर दिला. त्यांनी जे सांगितलं ते मी वहीत लिहून घेतलं, कारण ते मला इतकं विचित्र वाटलं होतं.

पहिलं : तू कंपनी काढू शकतोस. टेक्ससमध्ये ३०० डॉलर भरले की एलएलसी नोंदवता येते, त्यासाठी नागरिक असावं लागत नाही. कंपनीचा मालक असणं हे काम नाही, ती गुंतवणूक आहे. शेअर घे, बँकेचं व्याज घे, हरकत नाही.

दुसरं : पण त्या कंपनीसाठी तू काम करू शकत नाहीस. कोडची एक ओळ लिहायची नाही, ग्राहकाला बिल पाठवायचं नाही, दुरुस्तीसाठी फोन उचलायचा नाही.

तिसरं मी विचारलं : पैसेच नाही घेतले तर? फुकट करून दिलं तर? त्याचंही उत्तर नाही असंच होतं. नफ्यासाठी चालणाऱ्या दुकानात, ज्या कामाचे एरवी पैसे द्यावे लागले असते ते काम फुकट करणं म्हणजे समाजसेवा धरत नाहीत. अन्नछत्रात जाऊन भाजी चिरलीस तर चालेल, दुकानात नाही.

मी बाहेर येऊन बाकावर बसलो. माझ्या मालकीची कंपनी असू शकते आणि तिच्यात मी हात हलवू शकत नाही. हे मी आधी कुठेतरी पाहिलेलं होतं. १,८०० हेक्टर जंगल तुमचं, आणि त्यातला एक बांबू नाक्यापलीकडे न्यायचा नाही. माझ्याकडे राहायचा कागद होता, टीपी नव्हतं.

हे साम्य मला बराच काळ पुरलं. अंकलना मी नाही म्हणालो आणि कारणही सांगितलं. ते म्हणाले, "कॅश देता हूँ, किसको पता चलेगा?" आजूबाजूला ते चालायचंही. कुणी दुसऱ्याच्या नावावरच्या अकाउंटवरून डिलिव्हरी करायचं, कुणी पेट्रोल पंपावर रात्रपाळी. त्यांना मी नावं ठेवणार नाही. भाड्याची तारीख कुणाचं ऐकत नाही. पण त्यात धोका सगळा त्या मुलाचा असतो. पकडला गेला तर त्याचा व्हिसा जातो, पुढच्या प्रत्येक अर्जात तो डाग राहतो, आणि मालकानं पैसे बुडवले तर तक्रार करायची कुठे? टीपी नसलेला बांबू घेणारा व्यापारी नेहमी कमी भाव देतो. बेकायदा मालाचा भाव विकणारा ठरवत नाही. आमच्याकडच्या लोकांना हे कुणी शिकवावं लागत नाही.

*

पण साम्य जितकं बरोबर वाटत होतं तितकं ते नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे.

मेंढ्याची माणसं त्यांच्या घरात होती. त्यांच्या पूर्वजांनी राखलेल्या जंगलात, त्यांच्याच देशात, आणि कायदा त्यांच्या बाजूने होता. विकण्याचा हक्क लिहिलेला होता आणि तरी दिला जात नव्हता. म्हणून ते भांडले, आणि ते भांडण न्यायाचं होतं. मी पाहुणा होतो. मला जे हवं होतं ते माझ्या कागदावर कधी लिहिलेलंच नव्हतं. सही करताना मी तो कागद वाचला होता आणि मान्य केला होता. मला तो नियम कितीही कोता वाटला तरी माझ्यावर अन्याय झाला असं म्हणता येत नाही. आमच्या पिढीत, आणि आमच्या भागात जास्तच, कुठलाही अडथळा दिसला की तो अन्याय आहे असं वाटायची सवय लागते, कारण इथे बहुतेक वेळा तो असतोच. हक्क नाकारला जाणं आणि हक्क नसणं या दोन गोष्टी वेगळ्या ओळखता यायला हव्यात. पहिल्यासाठी भांडायचं असतं. दुसऱ्यात आधी दार कुठे आहे ते शोधायचं असतं.

तरी एक गोष्ट खटकायची ती खटकतेच. विद्यार्थी म्हणून त्या देशाला माझी फी चालत होती, माझं भाडं चालत होतं, किराणा चालत होता. मी घेतलेली प्रत्येक गोष्ट चालत होती. मी बनवलेली गोष्ट चालत नव्हती. शिक्षण विकणाऱ्या सगळ्या देशांचं थोड्याफार फरकानं हेच आहे. ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसावर स्वयंरोजगाराला सरळ मनाई आहे. पदवीनंतरच्या ग्रॅज्युएट व्हिसावर तो करता येतो. जर्मनीत स्वतःचं काम सुरू करायला परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची वेगळी परवानगी लागते. ऑस्ट्रेलियात विद्यार्थ्याला स्वतःचा व्यवसाय क्रमांक काढता येतो, पण टर्म चालू असताना पंधरवड्याला ४८ तासांची जी मर्यादा आहे तिच्यात हे तासही मोजले जातात. कॅनडातही स्वतःचं काम आठवड्याच्या २४ तासांच्या मर्यादेतच बसवावं लागतं. हे नियम दर एक-दोन वर्षांनी बदलतात, त्यामुळे तुम्ही हे वाचाल तेव्हा स्वतः तपासा. एजंटला विचारू नका. सरकारच्या साइटवर बघा आणि युनिव्हर्सिटीला ईमेलवर विचारा, म्हणजे उत्तर लेखी राहतं.

*

माझं दार होतं तिसरं. ओपीटी नावाचं, पदवीनंतरचे १२ महिने. या काळात विद्यार्थ्याला स्वतःचा व्यवसाय करता येतो. अटी अशा की काम पूर्णवेळ हवं, तुमच्या पदवीशी संबंधित हवं आणि लागणारे परवाने घेतलेले हवेत. सगळे मिळून ९० दिवसांपेक्षा जास्त बिनकामाचं राहायचं नाही. डब्याचा व्यवसाय मला यात करता आला नसता, कारण कॉम्प्युटर सायन्सचा आणि डाळ-भाताचा संबंध नाही. डब्याच्या ऑर्डरींचं सॉफ्टवेअर मात्र चाललं.

दीड वर्ष मी थांबलो. त्या दीड वर्षात कॅम्पसच्या लायब्ररीत आठवड्याला २० तास पुस्तकं लावली. अंकल दर दोन महिन्यांनी विचारायचे, "तेरा वो कागज आया क्या?" २०२३ च्या मेमध्ये पदवी झाली, त्याआधीच ४१० डॉलर भरून अर्ज केला होता. जुलैत कार्ड आलं. त्याच आठवड्यात ३०० डॉलर भरून एलएलसी नोंदवली, बँकेत खातं काढलं आणि अंकलना पहिलं बिल पाठवलं. २०० डॉलरचं. त्याची प्रिंट मी बाबांना व्हॉट्सॲपवर पाठवली. त्यांनी ती दुकानात छापून घेतली आणि फोनवर विचारलं, "खाली सही तुहीच हाय ना?"

वर्षभरात चार दुकानं झाली. महिन्याला ८०० डॉलर. एवढ्यात डॅलसमध्ये राहता येत नाही, म्हणून त्याच कंपनीतून एका दाताच्या दवाखान्याची वेबसाइट, एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या बिलांचा प्रोग्रॅम अशी कामं केली. चार जणांत दोन खोल्या. पण प्रत्येक डॉलर बिल करून आलेला. अंकलच्या भावानं तिसऱ्या महिन्यात पैसे द्यायला टाळाटाळ केली तेव्हा मी त्यांना करार दाखवू शकलो, आणि त्यांनी दिले. रोखीतल्या पोराला हे करता आलं नसतं. टीपीची खरी किंमत मला त्या दिवशी कळली. त्यानं माल नाक्यापलीकडे जातो हे तर झालंच, पण त्यापेक्षा मोठी गोष्ट ही की घासाघीस करताना तुम्हाला खाली बघावं लागत नाही.

मग ते १२ महिने संपत आले. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीवाल्यांना आणखी २४ महिने मिळतात, पण तिथे दाराचा आकार बदलतो. आता मालक दुसरा कुणीतरी लागतो, सरकारच्या ई-व्हेरिफाय यंत्रणेत नोंदलेला, आणि त्यानं तुमच्या प्रशिक्षणाचा आराखडा सही करून द्यायचा असतो. स्वतःच स्वतःला प्रशिक्षण देतोय म्हणून दोन्ही बाजूंनी सही करता येत नाही. त्यानंतरचा रस्ता एच-वन-बी, तो लॉटरीचा. वर्षाला ६५,००० आणि अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २०,००० जागा. माझी पदवी झाली त्या २०२३ च्या लॉटरीत पावणेआठ लाखांहून जास्त नोंदी होत्या. (२०२५ च्या सप्टेंबरपासून परदेशातून बोलावल्या जाणाऱ्या नव्या माणसामागे कंपनीला एक लाख डॉलर शुल्काची अट आली, म्हणजे ते दार आणखी अरुंद झालं.)

एक छोटी कंपनी मला नोकरी द्यायला तयार होती. पगार चांगला होता, पण बाहेरचं कुठलंही काम करायचं नाही अशी करारात अट होती. म्हणजे चार दुकानं सोडायची. माझं कर्ज ३५ लाख, साडेदहा टक्के, दहा वर्षं, महिन्याचा हप्ता ४७ हजार. त्या नोकरीत दोन-तीन वर्षांत कर्ज फिटलं असतं, तोवर लॉटरी लागली तर पुढे, नाहीतर परत. घरी फोन केला. आई म्हणाली, नोकरी घे. बाबा काही बोलले नाहीत, नंतर एवढंच म्हणाले, "तुहा हिशोब तू कर. प्लॉट काय पळून जात नाही."

मी २०२४ च्या जुलैत परत आलो.

*

आता मजेशीर भाग. तेच काम, त्याच अंकलच्या दुकानासाठी, त्याच लॅपटॉपवर मी आज चंद्रपूरहून करतो आणि त्याला कुठलाही व्हिसा लागत नाही. टेक्ससमध्ये बसून केलं तर ते अनधिकृत काम, चंद्रपुरात बसून केलं तर सेवा निर्यात. पैसे बँकेत येतात, बँक कशाचे आले त्याचा कोड विचारते, मी सांगतो, आयकर भरतो. कायद्याचा आक्षेप कामाला नव्हताच, काम करणारं शरीर कुठे बसलंय याला होता. बांबूच्या बाबतीत जंगलात बसलेल्या माणसाला माल बाहेर काढता येत नव्हता. सॉफ्टवेअरच्या बाबतीत माल हवा तिकडे जातो, माणूस जाऊ शकत नाही. आमच्या पिढीच्या धंद्यांबद्दल याहून कामाची गोष्ट मला तरी माहीत नाही. तुमच्या हातातली कला संगणकावरून विकता येणारी असेल तर ग्राहक परदेशातला असणं आणि तुम्ही परदेशात असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी फार महाग आहे.

पण हेही खरं की अंकल मला चंद्रपुरात बसून भेटले नसते. मी त्या दुकानात रांगेत उभा राहिलो, सूनबाईंना वहीत खाडाखोड करताना पाहिलं, म्हणून मला काय बनवायचं ते कळलं. तिकडे जाऊन मी पदवीपेक्षा जास्त आणलं ते हे. म्हणून कुणी "जाऊ का" विचारलं तर मी जाऊ नको म्हणत नाही. मी म्हणतो, ग्राहक बघायला जा, विकायची घाई करू नको, आणि निघायच्या आधी कर्जाचा हप्ता भारतातल्या पगारातून निघेल का ते एकदा मांडून बघ. तिकडच्या धंद्याचा एक रुपयाही त्या हिशोबात धरू नको. तरीही हिशोब बसत असेल तर जा. धंद्यावरच हिशोब बसत असेल, तर तू बँकेकडे शिक्षणाचं कर्ज मागतोयस आणि व्हिसा देणाऱ्या देशाकडे जे मागायला हवं ते मागितलेलंच नाहीस.

मी सध्या एका कंपनीत नोकरी करतो, घरून. दुकानांचं काम संध्याकाळी आणि रविवारी, नोकरीच्या करारात तशी परवानगी लिहून घेतलेली आहे. दोन्ही मिळून हप्ता जातो आणि थोडे उरतात. परत आल्यावर पहिले काही महिने धानोऱ्यात लोक बाबांना विचारायचे, "काहून जी, वापस पाठवलं का पोराले?" बाबा म्हणायचे, "त्याचा कागद संपला होता, काम नोयतं संपलं."

मागच्या तेंदूच्या हंगामात आमच्या भागातल्या एका ग्रामसभेच्या सचिवांनी मला बोलावलं. गडचिरोलीतल्या बऱ्याच ग्रामसभा आता तेंदूचा लिलाव स्वतः करतात. फळीवर, म्हणजे संकलनाच्या जागी, लोक पुडे घेऊन येतात, मुन्शी वहीत लिहितो आणि हंगाम संपल्यावर कुणाचे किती यावर चार दिवस बसून बेरजा होतात. ती वही मोबाइलवर आणता येईल का, असं त्यांचं म्हणणं. रेंज नसलेल्या जागी चाललं पाहिजे आणि गोंडी-मराठी मिश्र नावं बरोबर वाचली पाहिजेत. अंकलच्या दुकानातल्या मेसेजांपेक्षा हे अवघड आहे आणि पैसे कमी आहेत. मी पैसे किती घेणार ते त्यांनी ग्रामसभेत ठेवलं, दोन बैठका चर्चा झाली, भाव थोडा कमी केला आणि मग सगळे हो म्हणाले. ठरावाची प्रत मला दिली.

मी ती घेऊन बाबांच्या दुकानात गेलो. त्यांनी चष्मा वर केला, नाव वाचलं, कशासाठी ते वाचलं, आणि झेरॉक्सचे दोन रुपये मागितले.